अब्बांना घेऊन सोनगडावर

महाड म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना रायगडाला जाताना चहासाठी थांबायचं गाव. मीही त्यातलाच. गोव्याच्या रस्त्यावरून कितीदा गेलो असेन, पण एस.टी. स्टँडच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळे सलीमचा फोन आला तेव्हा गावाबद्दल माझ्या मनात काहीच चित्र नव्हतं.

सलीम माझा हॉस्टेलचा मित्र. डिप्लोमाला मुंबईत आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. पुढे तो कुवेतला इलेक्ट्रिकल फोरमन झाला आणि मी पाटबंधारे खात्यात आरेखक. तो दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा आणि डोंबिवलीला माझ्याकडे एकदा जेवून जायचा. या वेळी फोनवर त्याचा आवाज वेगळा होता.

"प्रमोद, दोन दिवस काढून महाडला ये. अब्बांना मुंब्र्याला न्यायचंय आणि ते ऐकत नाहीत."

"मी येऊन काय करणार?"

"तू पाण्याच्या खात्यातला माणूस. तू सांगितलंस तर ऐकतील."

२००५ च्या जुलैमध्ये महाडमध्ये पाणी शिरलं तेव्हा सलीम कुवेतमध्ये होता. त्याचे अब्बा आणि अम्मी दोघंच घरी होते. रात्रभर ते माळ्यावर बसून राहिले आणि वाचले. पण पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता अम्मींना ताप भरला, आणि त्या तापातून त्या उठल्या नाहीत. सलीमला माती द्यायलाही पोचता आलं नाही. त्याची बायको रेहाना आणि मुलं आधीपासून मुंब्र्याला होती. मागे राहिले ते अब्बा, एकटे, त्याच घरात. या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं.

मी गेलो तो जानेवारीचा महिना. जाणाऱ्यांनी सकाळची कोकण रेल्वेची पॅसेंजर धरावी. ती रखडत जाते, पण खिडकीची जागा मिळते. महाडसाठी वीर स्टेशनला उतरायचं. स्टेशन छोटं, आजूबाजूला शेतं. बाहेर रिक्षा उभ्या असतात आणि माणसं भरल्याशिवाय सुटत नाहीत. माझ्या रिक्षात दुबईहून आलेला एक तरुण होता, मांडीवर ही मोठी बॅग घेऊन. रस्ता दासगावावरून जातो. उजवीकडे सावित्रीची खाडी, डावीकडे डोंगर. डोंगरावर मध्येच लाल मातीचा लांब ओरखडा दिसला. त्याच्यावर अजून गवतही नीट धरलं नव्हतं.

"दरड?" मी विचारलं.

रिक्षावाल्याने मान हलवली. तो तरुण रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर पाहत म्हणाला, "मी नव्हतो तेव्हा."

सलीम नाक्यावर घ्यायला आला होता. त्याचे केस पुढून गेले होते. बाजारातून चालताना तो दुकानांच्या भिंतींकडे बोट दाखवत होता. "हे बघ, इथपर्यंत." रंगाच्या खालून पाण्याची तपकिरी रेघ वर आली होती. कितीही वेळा रंग दिला तरी ती उमटते म्हणाला. बाजार मात्र चालू होता. कांद्याचे ढीग, मोबाइलची दुकानं, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. आपण परके म्हणून आपल्यालाच त्या रेघेवरून नजर काढता येत नाही.

घर कौलारू होतं, पुढे ओटी, मागे विहीर. खालची भिंत नवी, वरची जुनी. अब्बा दारात उभे होते. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, अंगात स्वेटर आणि त्यावर मफलर. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही पाण्याच्या खात्यातलं साहेब नाय का? सलीमनं बोलावलं तुम्हांला. मला न्यायला." ते हसले. "या, बसा. आधी जेवा. मंग मला न्या."

तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचा रस्सा आणि सुक्या जवळ्याची चटणी. सगळं अब्बांनी स्वतः केलं होतं. अम्मी होत्या तोवर त्यांनी चुलीकडे पाहिलंही नव्हतं म्हणे. भाकरी थोडी जाड झाली होती. सलीम ती मोडत होता आणि ताटातून मान वर करत नव्हता.

जेवण झाल्यावर ओटीवरून मी समोरचा डोंगर पाहिला. गावाच्या वायव्येला, घरांच्या कौलांवर उचललेला, माथा सपाट. "तो सोनगड," सलीम म्हणाला. "जन्मभर बघतोय, वर कधी गेलो नाही. उद्या जाऊ. वरून सगळं दिसतं. नद्या कशा येतात, गाव कुठे आहे. तू नीट बघ आणि मला खरं काय ते सांग."

आतून अब्बांचा आवाज आला. "मीपण येतो."

"अब्बा, तुमचे गुडघे..."

"तुम्ही दोघं वर जाऊन माझा निकाल लावणार, आन मी हितं बसू? येतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रिक्षा जाऊन-येऊन ठरवून घ्या, परतीला मिळत नाही. आधी महामार्गालगतच्या गांधारपाल्याच्या लेण्यांपाशी थांबलो. पायऱ्या चढून गेलं की कातळात कोरलेले विहार, बसायचे दगडी ओटे, एका भिंतीवर ब्राह्मीतला लेख. इथले लोक यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा काही संबंध नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध भिक्खूंची ही राहायची जागा. वर्षावासात, म्हणजे पावसाच्या महिन्यांत, ते फिरणं थांबवून एका जागी राहायचे. समोर गांधारी नदी आणि पलीकडे महाड. भिक्खूंनी डोंगरातली जागा निवडली आणि गाव सखलात वसलं. कारण बंदर खाली होतं. माल नदीतून यायचा, त्यामुळे माणसांना पाण्याजवळच राहावं लागलं.

अब्बा लेण्यात एका ओट्यावर बसून दम खात होते. "थंड हाय हितं," ते म्हणाले. "तुझ्या अम्मीला दाखवायला पायजे होतं."

पुढे रिक्षाने पायथ्याच्या वाडीपर्यंत. सोनगडाची वाट सोपी आहे असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. पहिला टप्पा झाडीतला, मळलेला. मग सोंडेवरून उघडी वाट, पायाखाली घसरडी माती आणि वाळलेलं गवत. सावली नाही. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही, खालूनच भरून न्या. पावसाळ्यात जाऊ नका आणि उन्हाळ्यात तर नकोच. वाडीतल्या एका बाईंनी आम्हांला वाटेला लावून दिलं. अब्बांकडे बघून त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला कशाला नेताव रं वर?"

"म्हाताराच नेतोय यांना," अब्बा म्हणाले, आणि काठी टेकत पुढे झाले.

ते चालत होते आणि थांबत होते. थांबले की बोलत होते. त्यांच्या वडिलांचा मचवा होता, माल वाहणारी शिडाची होडी. बाणकोटाहून सावित्रीतून मीठ आणि कौलं यायची, इकडून तांदूळ आणि हिरडा जायचा. पुढे नदी गाळाने भरत गेली, रस्ता झाला आणि मचवा धक्क्यालाच कुजला. अब्बा ट्रकवर गेले. वरंध घाट, कशेडी घाट, पोलादपूर, महाबळेश्वर. "कशेडीत रात्रीचा ट्रक उतरवला मी धुक्यात, दिवे बंद पडल्यावर," ते म्हणाले. "तवा भ्यालो नाय. आता ओटीवरून उतरताना भेतो." आणि मग सलीमची पिढी आखातात गेली. प्रत्येकाने वाट बदलली, घर मात्र तेच राहिलं.

वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गडावर बघण्यासारखं फार काही नाही हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी रायगडाची अपेक्षा ठेवून जाणार नाही. तटाचे तुकडे, काही पडलेले चौथरे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, त्यांत हिरवं पाणी. गवत कमरेएवढं. एका चौथऱ्यावर कुणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवला आहे. खाडीवर आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवायला हा गड. स्वराज्याच्या काळात इथे कैदी ठेवत. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही इथे होते असं सांगतात. त्या कैद्यांनी याच तटावरून नदीत शिरणारी गलबतं पाहिली असतील. पुढे इंग्रजी अंमल आला आणि गड ओस पडला. वर राहणारी माणसं निघून गेली तेव्हा कुणी त्यांना थांबवायला आलं असेल का, असं मनात आलं.

आणि खाली महाड. संपूर्ण गाव एका नजरेत. एका अंगाने सावित्री, दुसऱ्या अंगाने गांधारी, मागे काळ नदीचं खोरं, आणि त्यांच्या मधोमध कौलं आणि पत्रे. चवदार तळ्याचा चौकोन ओळखता आला. ज्या पाण्यावरच्या हक्कासाठी माणसांना चालत यावं लागलं ते पाणी इथून तळहातावर मावेल एवढं दिसत होतं. दूर रायगडाचा माथा धुरकट. दासगावच्या बाजूला नदी रुंद होत खाडीला मिळते. भरतीच्या वेळी समुद्र तिथून पाणी वर ढकलतो आणि डोंगरातलं पाणी खाली यायला बघतं. मधे गाव.

नकाशावर हे मी कितीदा काढलं असेल. पण इथे उभं राहून मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

सलीम माझ्याजवळ आला. अब्बा जरा लांब, तटाच्या दगडावर बसले होते.

"सांग."

"सलीम, हे भांडं आहे रे. पाणी परत येणार. कधी ते मी सांगू शकत नाही."

त्याने खाली घराच्या दिशेने पाहिलं. कुवेतच्या कमाईतून त्याने ती खालची भिंत नवी बांधली होती.

"साहेब," अब्बांनी हाक मारली. आम्ही दोघं त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता आणि ते गावाकडे पाहत होते. मला वाटलं घर शोधत असतील. सलीमलाही तेच वाटलं. "अब्बा, आपलं घर ते बघा, मशिदीच्या मनोऱ्याच्या..."

"घर मला म्हाईत हाय कुठं हाय." त्यांनी काठीने दाखवलं. नदीच्या काठाला गर्द झाडांचा एक पुंजका होता. "ते कबरस्तान ना?"

"हो," सलीम म्हणाला.

"मंग साहेब, मला एकच सांगा. पुन्हा पाणी आलं तर आधी कुठं शिरंल? घरात का तितं?"

मी खाली पाहिलं. झाडं घरापेक्षा खूपच खालच्या अंगाला होती. हे सांगायला कुठल्याही खात्यात असायची गरज नव्हती.

"तिथं, अब्बा. आधी तिथं."

त्यांनी मान डोलावली. वाऱ्याने गवत वाजत होतं.

"ती एकटी र्‍हायला भ्यायची," ते म्हणाले. "मी ट्रकवर जायचो तवा रातभर दिवा चालू ठेवायची. तितं पाणी भरणार आन मी मुंब्र्याला तिसऱ्या माळ्यावर बसू?"

सलीम त्यांच्या पायाशी खाली बसला. दीड वर्ष तो फोनवर घराबद्दल भांडत होता. भिंतीबद्दल, ओलीबद्दल, विजेच्या बिलाबद्दल. अब्बांनीही त्याला तसंच भांडू दिलं होतं.

"मला तर मातीपण देता आली नाही तिला," तो म्हणाला. "तुम्हांला काही झालं आणि मी तिकडे असलो, तर? मला परत तसाच फोन यायचा?"

अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं टक्कल पडलेलं डोकं, आणि त्यावर तो मोठा, शिरा आलेला हात. मी उठून टाक्याकडे गेलो आणि पाणी बघत उभा राहिलो.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. घसरड्या टप्प्यावर सलीम पुढे आणि अब्बांचा हात त्याच्या खांद्यावर. एकदा अब्बांचा पाय सरकला आणि ते दोघं एकदम खाली बसले. कोणाला लागलं नाही. दोघं तसेच मातीत बसून राहिले आणि मग अब्बा हसायला लागले. त्या दोन दिवसांत त्यांना मनापासून हसताना मी तेवढंच पाहिलं.

वाडीतल्या बाईंनी पाणी दिलं, वर चहा केला. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी माझी एस.टी. होती. निघण्याआधी ओटीवर बसलो असताना अब्बांनी निकाल दिला.

"पावसाचे चार महिने येतो. पाऊस संपला की मला हितं आणून सोडायचं. आन तिकडं असताना मला काय झालं, तर हितंच आणायचं. तिच्याजवळ. बोल."

"आणीन," सलीम म्हणाला.

"साहेब, तुम्ही ऐकलं."

"ऐकलं, अब्बा."

परतीच्या गाडीत मला फार बरं वाटलं होतं. मार्ग निघाला होता. माझ्या सांगण्याने एक माणूस पुढच्या पुरातून वाचणार होता. पनवेलला उतरून मी गरम वडापाव खाल्ला आणि घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

अब्बांनी शब्द पाळला. मे संपता संपता मुंब्र्याला आले, ऑक्टोबरात परत गेले. मी डोंबिवलीहून त्यांना भेटायला जायचो. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची टाकून ते बसलेले असायचे. "महाडला पाऊस कसा हाय?" हे पहिलं वाक्य. मी ऑफिसातून आकडे विचारून घ्यायचो आणि त्यांना सांगायचो. रेहाना म्हणायची, नातवंडांशी खेळतात, जेवतात, पण चपला दाराशीच काढून ठेवतात, आत घेऊ देत नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, ते झोपेत गेले. सलीम कुवेतहून दुसऱ्या दिवशी पहाटे पोचला. कोकणात दोन दिवस पाऊस लागला होता आणि महामार्गावर दरड येऊन रस्ता बंद होता. सलीम गाड्यावाल्यांना फोन करत राहिला. मीही आमच्या खात्यातून, ओळखीतून विचारत होतो. रस्ता कधी उघडेल हे कोणी सांगेना. दुपारी मोहल्ल्यातले बुजुर्ग त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, बेटा, आता मय्यतला उशीर करू नये. सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं होतं, साक्षीदार होतो. मी खात्यात पुन्हा एकदा फोन लावला, रस्ता बंदच होता.

अब्बांना मुंब्र्यालाच माती दिली. या वेळी सलीमने स्वतःच्या हाताने दिली.

हे सगळं प्रवासवर्णनात कशाला, असं कुणी म्हणेल. सोनगडाबद्दल लिहायला बसलो की मला दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून. तुम्ही जरूर जा. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर निघा, लेणी आधी बघा, पाणी भरपूर घ्या, माथ्यावर तासभर नुसते बसा. गाव वरून सुंदर दिसतं, हे मी वर कुठे लिहिलं नाही, पण दिसतं. मी खरं तेच सांगितलं होतं असं स्वतःला अजून सांगतो. तेच कुणी उद्या विचारलं तरी मला तेच सांगावं लागेल. त्याने मनाचं समाधान होत नाही, एवढं कळलंय.

पाऊस थांबल्यावर सलीम घर उघडायला एकटाच महाडला गेला. त्या रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. कौलं दोन फुटलीत, विहिरीत पालापाचोळा पडलाय, शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलंय.

मग म्हणाला, "प्रमोद, शेजाऱ्यांना विचारलं मी. या वर्षी पाणी आलंच नाही रे. घरात नाही, आणि तिकडेही नाही."